लगामापूर्वीची विद्या



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला की तो महागाई, वेतन किंवा कायदा यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आज मी घोड्यावर बोलणार आहे, तेही रानघोड्यावर. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. युनियनच्या कचेरीतून सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात बसून जे वाचले तेवढेच माझे भांडवल. पण मला या विषयाची गोडी लागली तिला कारण आहे. माणसाने आपल्याहून बलवान असलेल्या प्राण्याकडून काम कसे करून घेतले, त्यासाठी काय काय उपाय केले, आणि त्यांतले कोणते टिकले, याचा हा इतिहास आहे. श्रमाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला हे प्रकरण वगळून चालायचे नाही.

विषयाची मर्यादा आधी सांगतो. घोड्यावर बसून त्याला शिकवणे ही एक विद्या. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण पाठीवर खोगीर चढण्यापूर्वी, तोंडात लगाम जाण्यापूर्वी, माणूस जमिनीवर उभा राहून घोड्याशी जो व्यवहार करतो ती दुसरी विद्या. ती पहिलीचा पाया आहे. ज्या घोड्याने माणूस कधी जवळून पाहिलेला नाही, त्याच्या बाबतीत तर सारा निकाल तिथेच लागतो. या जमिनीवरच्या तालमीतून घोडा दोन प्रकारांनी शांत होऊ शकतो. एक, तो विश्वासाने शांत होतो. दोन, तो हरतो म्हणून शांत होतो. दुरून पाहणाराला दोन्ही घोडे सारखेच दिसतात. हा फरक ओळखायचा कसा, हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम घोड्याचा स्वभाव पाहू. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सारा परिसर दिसतो. कान चहूकडे फिरतात. कळपातल्या एकाने मान वर केली की बाकीच्यांना कळते. शंका आली की आधी पळायचे आणि मग वळून पाहायचे, हा त्याचा नियम. उलट माणसाचे डोळे समोर आहेत, वाघा-लांडग्यांसारखे. माणूस सरळ चालत येतो, नजर रोखून येतो, हात पुढे करून येतो. घोड्याच्या भाषेत ही सारी शिकाऱ्याची लक्षणे झाली. म्हणजे आपण प्रेमाने पुढे टाकलेले पहिले पाऊलसुद्धा त्याला हल्ल्याचेच वाटते. चारशे किलो वजनाच्या प्राण्याला साठ-सत्तर किलोचा माणूस बळाने धरून ठेवू शकत नाही. तेव्हा माणसापुढे दोनच वाटा राहतात : दोरखंडाची युक्ती, किंवा भीती घालवणे. पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांचा आहे.

घोडा माणसाळला कधी? कझाकस्तानात बोताई येथे इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या वस्तीत घोड्यांच्या हाडांचे प्रचंड ढीग सापडले, आणि तोच आरंभ असे पुष्कळ काळ मानले गेले. पण २०१८ साली प्राचीन हाडांतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आजचे पाळीव घोडे त्या बोताईच्या घोड्यांचे वंशज नव्हेत, असे दिसले. २०२१ साली आणखी मोठा अभ्यास आला. त्याप्रमाणे आजच्या साऱ्या पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतील गवताळ प्रदेशात आहे, तेथून इ. स. पूर्व २००० च्या आगेमागे ही जात झपाट्याने सर्वत्र पसरली. या घोड्यांत ज्या जनुकांची निवड झालेली दिसते त्यांपैकी एकाचा संबंध पाठीच्या कण्याशी आणि दुसऱ्याचा भय व स्वभाव यांच्याशी असावा, असे संशोधक म्हणतात. म्हणजे आपल्या पूर्वजांनी पळण्याचा वेग पाहण्याआधी घोड्याची पाठ आणि मन पाहिले असले पाहिजे.

घोडा शिकवण्याविषयीचा सर्वांत जुना विस्तृत लेख एका कामकरी माणसाच्या नावावर आहे, याचा मला फार आनंद वाटतो. तुर्कस्तानात बोगाझकोय येथे हित्ती राजांच्या राजधानीच्या अवशेषांत मातीच्या भाजलेल्या पाट्या सापडल्या. त्यांत इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या सुमारास रचलेला एक ग्रंथ आहे. आरंभीच लेखक आपले नाव किक्कुली, गाव मितान्नी देश आणि धंदा घोडे शिकवण्याचा असे सांगतो. त्यात सहा-सात महिन्यांचा दिनक्रम आहे : आज किती धाव, किती पाणी, किती दाणा, कधी आंघोळ, कधी विश्रांती. आणि गंमत अशी की फेऱ्या मोजताना तो ‘ऐक-वर्तन्न’, ‘तेर-वर्तन्न’, ‘पंझ-वर्तन्न’, ‘सत्त-वर्तन्न’ असे शब्द वापरतो. एक, तीन, पाच, सात! मराठी शाळकरी पोरालाही हे आकडे ओळखू येतील. संस्कृतच्या एका भगिनीभाषेचे शब्द हजारो कोस दूर पागेच्या कामात टिकले, कारण कामाचे शब्द कामाबरोबर प्रवास करतात. किक्कुलीच्या वेळापत्रकात चाबकापेक्षा मोजमापाला महत्त्व आहे. घोड्याला दररोज तेच, त्याच क्रमाने, थोडे थोडे वाढवत द्यायचे. विश्वासाचे पहिले सूत्र इथेच सापडते : उद्या काय होणार हे ज्याला कळते, त्याची भीती कमी होते.

यानंतर हजार वर्षांनी ग्रीस देशात झेनोफन हा सेनानी होऊन गेला. इ. स. पूर्व चौथ्या शतकात त्याने अश्वविद्येवर एक छोटे पुस्तक लिहिले. शिंगराला भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकटेपणी जाणवावा, आणि खाणे, पिणे व त्रासातून सुटका माणसाच्या हातून व्हावी, म्हणजे ते माणसाची वाट पाहू लागेल, असे तो सुचवतो. शिंगराला गर्दीतून, गोंगाटातून न्यावे. ते बुजले तर मारू नये, शांतपणे त्या वस्तूपाशी न्यावे आणि ती निरुपद्रवी आहे हे त्याला कळू द्यावे. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, हे तर तो बजावून सांगतो. जबरीने करवून घेतलेल्या कामाची घोड्याला समज येत नाही आणि त्यात सौंदर्यही नसते, नर्तकाला चाबकाने नाचवावे तसे ते होते, असा त्याचा अभिप्राय आहे. पण मला त्यातली सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मुलाला एखाद्या कारागिराकडे धंदा शिकायला ठेवताना जसा लेखी करार करतात, तसाच करार घोडा शिकवणाऱ्याशी करावा, आणि घोड्याला परत देताना काय काय यायला हवे ते त्यात लिहून घ्यावे, असे झेनोफन म्हणतो. तेवीसशे वर्षांपूर्वी शिक्षकाच्या कामाला कारागिरीचा मान आणि कराराचा आधार होता!

त्याच शतकातली अलेक्झांडरची गोष्ट आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत वाचली असेल. प्लुटार्कने ती दिली आहे. तेरा टॅलेंट किंमत सांगितलेला ब्युसेफॅलस कोणालाच आवरेना. पोरसवदा अलेक्झांडरच्या ध्यानात आले की घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो आहे. आपण ही गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगतो. पण तपशील नीट पाहा. त्याने आधी घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले, म्हणजे भीतीचे कारण दूर केले. मग त्याच्या बाजूने तो थोडा चालला, अंगावरून हात फिरवला, अंगरखा हळूच खाली टाकला, आणि त्यानंतर झेप घेतली. गोष्टीतले यश झेपेच्या आधीच्या त्या चार गोष्टींत आहे. ही जमिनीवरची तालीम झाली.

पण जगाने हा शहाणपणा सदैव पाळला असे नाही. इ. स. १५५० साली नेपल्सच्या ग्रिसोनेने अश्वविद्येवर ग्रंथ छापला. झेनोफनचे ऋण त्यात असूनही अडेल घोड्यासाठी पेटते गवत आणि काठीला बांधलेले मांजर असले उपाय त्याने सांगितले आहेत. ज्ञान पुस्तकात असले म्हणून ते पागेत उतरतेच असे नाही. ते का उतरत नाही याचे उत्तर मला अमेरिकेच्या इतिहासात मिळाले.

अमेरिकेत घोडे मूळचे होते, पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ते नामशेष झाले. १४९३ साली कोलंबसाने दुसऱ्या सफरीत घोडे नेले. १५१९ साली कोर्तेस सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. पुढे स्पॅनिश वसाहतींतून काही घोडे सुटले, काही हरवले, काही मूळ रहिवाशांच्या हाती आले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच पश्चिमेच्या मैदानांतील मूळ जमाती घोडे पाळू लागल्या होत्या, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसते. मोकळे राहिलेले घोडे माळरानावर वाढले. स्पॅनिश भाषेत मालक नसलेल्या भटक्या जनावराला ‘मेस्तेन्यो’ म्हणत. त्यावरून ‘मस्टँग’ हे नाव पडले. तेव्हा ध्यानात घ्या, अमेरिकेतला ‘रानघोडा’ मूळचा रानटी नव्हे. त्याचे पूर्वज कामावरच होते. ते कामावरून निसटले, एवढेच. चार पिढ्यांत ते माणसाला विसरले. पण माणसावर विश्वास ठेवण्याची शक्ती त्यांच्या रक्तात शिल्लक राहिली, म्हणूनच पुढचे सारे शक्य झाले.

मेक्सिको आणि कॅलिफोर्नियाच्या गुराख्यांची जुनी परंपरा संथ होती. तोंडात लोखंड न घालता नाकावरच्या वेणीदार पट्ट्याने ते घोड्याला शिकवीत. पूर्ण तयार व्हायला वर्षे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेक्सासपासून उत्तरेकडे गुरांची प्रचंड कुरणे उभी राहिली, त्यांत बाहेरचे भांडवल आले, आणि हिशेब बदलला. घोडे स्वस्त आणि मुबलक. वेळ महाग. मग रानघोड्याला फास टाकायचा, पाडायचा, डोळे बांधायचे, खोगीर आवळायचे, आणि तो उड्या मारून थकेपर्यंत पाठीवर टिकून राहायचे. हे काम करणारे लोक डोईमागे मजुरी घेऊन कुरणाकुरणांवर हिंडत. आपल्या भाषेत हे उक्ते काम. जितके घोडे तितके दाम. अशा माणसाने दहा दिवस कुंपणाशी बसून घोड्याच्या कानांकडे पाहत राहावे, ही अपेक्षाच चुकीची. त्याच्या क्रूरपणाबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले आहे. त्याच्या मोडलेल्या बरगड्यांबद्दल थोडे. इंग्रजीत या क्रियेला ‘घोडा मोडणे’ असाच शब्द रूढ झाला. त्यात घोड्याबरोबर माणूसही मोडत होता, हे शब्दात आलेले नाही. त्याच कुरणांवरच्या चोवीस गुराख्यांनी १८८३ साली टेक्सासमध्ये महिना पन्नास डॉलर पगाराच्या मागणीवर सह्या केल्या आणि संप पुकारला. तो मोडला. सिनेमात दिसणारा एकटा, स्वतंत्र, बेफिकीर घोडेस्वार प्रत्यक्षात हंगामी मजूर होता. ज्याला घाई लादली जाते तो पुढच्या जिवावर घाई लादतो. क्रौर्याचे मूळ शोधायचे तर आधी मजुरीची पद्धत पाहावी, असे माझे मत आहे.

या घाईच्या काळातच हळुवारपणाचा व्यापारही सुरू झाला. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुलिवन नावाचा एक गरीब माणूस होता. दांडगा घोडा असला की तो त्याच्याबरोबर तबेल्यात स्वतःला कोंडून घेई आणि थोड्या वेळाने घोडा निवलेला असे. तो घोड्याच्या कानात कुजबुजतो, असा समज पसरला. त्याने आपले गुपित कोणाला सांगितले नाही. पोटाची विद्या झाकून ठेवणे ही गरिबाची रीत आहे. तिला मी नावे ठेवणार नाही. पण त्यामुळे विद्या त्याच्याबरोबर गेली.

मग आला जॉन सॉलोमन रेरी. जन्म १८२७, अमेरिकेतील ओहायो. १८५८ साली इंग्लंडमध्ये त्याने क्रूझर नावाच्या घोड्याला वश केले. हा शर्यतीचा नामांकित घोडा इतका हिंस्र झाला होता की त्याच्या तोंडावर लोखंडी मुसके चढवून त्याला कोंडून ठेवले होते. रेरीने सुमारे तीन तासांत त्याला शांत केले. राणी व्हिक्टोरियापुढे प्रयोग झाले, लंडनमध्ये गर्दी लोटली. दर माणशी दहा गिनी घेऊन, गुप्ततेची अट घालून, तो विद्या शिकवू लागला. तेवढ्यात अमेरिकेत त्याने पूर्वी काढलेली लहानशी पुस्तिका लंडनमध्ये स्वस्तात छापली गेली आणि गुपित बाहेर पडले.

ते गुपित होते तरी काय? घोड्याचा एक पुढचा पाय दुमडून कातडी पट्ट्याने बांधायचा. घोडा तीन पायांवर उभा राहतो. तो लाथ मारू शकत नाही, पळू शकत नाही. मग दुसरा पाय. घोडा झगडतो, घामाघूम होतो, अखेर गुडघे टेकतो आणि आडवा होतो. आता माणूस त्याच्या अंगावरून हळुवार हात फिरवतो, गोड बोलतो, डोके त्याच्या खुरांशी ठेवतो. न मारता, न ओरडता. चाबकाच्या काळात ही मोठी सुधारणा होती, हे नाकारता येणार नाही. घोड्याचे पाप नसते, त्याला भीती असते, हा विचार रेरीने हजारो लोकांपर्यंत नेला. पण तीन पायांवर उभे करून, पळण्याची वाट बंद करून, मग केलेले प्रेम कितपत प्रेम म्हणावे? सुटकेचा प्रत्येक प्रयत्न फसतो असे दिसले की प्राणी प्रयत्न करणेच सोडून देतो, हे १९६७ साली अमेरिकेत कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसून आले. मानसशास्त्रज्ञांनी त्याला शिकलेली असहायता असे नाव दिले. रेरीचे काही घोडे विश्वासले असतील. काहींनी नुसता नाद सोडला असेल. आडव्या पडलेल्या घोड्याकडे पाहून ते ठरवता येत नाही.

विसाव्या शतकात या विद्येला खरे वळण दिले ते ओरेगॉनमधल्या दोन भावांनी : बिल डोरन्स, जन्म १९०६, आणि टॉम डोरन्स, जन्म १९१०. दोघे गुराखी, हाताने काम करणारे. त्यांनी वर्षानुवर्षे घोडे पाहिले, आणि घोडा अमुक का करतो हे घोड्याच्या बाजूने विचारायला सुरुवात केली. टॉमचा शिष्य रे हंट याने ही रीत गावोगाव शिबिरे घेऊन शिकवली. ती गुप्त नव्हती, तिच्यावर कुलूप नव्हते. कोणीही कुंपणाशी उभे राहून पाहावे.

ती रीत साध्या शब्दांत सांगतो. सुमारे पन्नास-साठ फूट व्यासाचे गोल कुंपण. कोपरा नाही, म्हणून घोडा कोंडला जात नाही. पहिल्या दिवशी रानघोडा आत सोडला की तो कुंपणाच्या कडेने धावत सुटतो. माणूस मध्ये उभा राहतो. तो घोड्याच्या पाठीमागच्या भागाकडे एक पाऊल टाकतो. घोडा पुढे जातो. घोड्याने कान आत वळवला, वेग थोडा कमी केला, किंवा नजर माणसाकडे टाकली, की माणूस लगेच पाऊल मागे घेतो, खांदे सैल सोडतो, नजर खाली करतो. एवढेच. पुन्हा, पुन्हा. घोड्याला कळू लागते की माझ्या वागण्याने या माणसाचे वागणे बदलते. हे कळणे फार मोठे आहे. तोवर माणूस म्हणजे त्याच्यावर कोसळणारी आपत्ती होती; आता तो असा जीव झाला की ज्याच्याशी बोलता येते.

मग जवळ जाणे. सरळ चालून नव्हे, तिरके, खांद्याच्या दिशेने. घोडा ताठला की थांबायचे. तो पळण्याच्या आधीच आपण मागे फिरायचे. तो श्वास सोडतो, मान खाली करतो, तेव्हा पुन्हा एक पाऊल. पहिला स्पर्श खांद्याशी, क्षणभर, आणि घोड्याने हात झटकण्यापूर्वी हात काढून घ्यायचा. म्होरकी चढवली की दोरीला हलका ताण द्यायचा आणि तो तसाच धरायचा, ओढायचे नाही. नाक बोटभर या बाजूला आले की त्याच क्षणी दोरी सैल. घोडा ताणातून शिकत नाही, सैल सोडण्यातून शिकतो. पुढे पाय उचलणे, मागे सरणे, अंगावर पोते फिरवणे, घोंगडे टाकणे. आणि हे सारे दोन्ही बाजूंनी, कारण डावीकडून ओळखलेली वस्तू उजवीकडून दिसली की तो पुन्हा बुजू शकतो. शेवटी खोगीर. ते चढते तेव्हा, काम नीट झालेले असेल, तर फारसे काही घडत नाही. जुन्या पद्धतीत जिथे तमाशा असे तिथे नव्या पद्धतीत सामसूम असते.

याच सुमारास माँटी रॉबर्ट्स या कॅलिफोर्नियाच्या घोडेवाल्याने गोल कुंपणातले प्रयोग जगभर नेले. १९८९ साली राणी एलिझाबेथने त्याला विंडसरला बोलावले. घोडा अखेर त्याच्या मागे मागे चालू लागतो, हे पाहून लोकांच्या डोळ्यांना पाणी येई. त्याचे म्हणणे असे की तो कळपातल्या वडीलधाऱ्या घोडीची भाषा बोलतो. पण २०१२ साली सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी एक मजेदार परीक्षा केली. गोल कुंपणात माणसाऐवजी दूरनियंत्रणाने चालणारी खेळण्यातली मोटार ठेवली. घोडा तिच्याकडे वळला की मोटार थांबे, तो दूर गेला की मोटार त्याला पळवी. काही वेळात घोडे मोटारीकडे वळू लागले. मोटार ही काही वडीलधारी घोडी नव्हे. म्हणजे माणसाकडे वळणे हा प्रेमाचा पुरावा नव्हे. जिथे त्रास थांबतो तिथे घोडा जातो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

हे वाचून मला मुळीच वाईट वाटले नाही, उलट विषय स्वच्छ झाला. विश्वास ही गूढ शक्ती नव्हे. तो हिशेबाचा व्यवहार आहे. घोड्याने आपले काम केले की माणसाने ताण सोडायचा, हा अलिखित करार. एकदा पाळला तर योगायोग. शंभरदा पाळला तर विश्वास. आणि मोटार जे देऊ शकत नाही ते माणूस देऊ शकतो : घोडा ‘नाही’ म्हणाला तर त्याचे कारण शोधणे. जीन टोचते आहे का, खूर दुखतो आहे का, मागणी फार मोठी झाली का. नकार ऐकून घेतला जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच होकाराला किंमत असते.

रानघोड्यांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. विसाव्या शतकात अमेरिकेत त्यांना विमाने आणि मोटारी लावून पकडत आणि खाटीकखान्याकडे पाठवत. १९५० साली नेव्हाडात व्हेल्मा जॉन्स्टन ही विम्याच्या कचेरीत काम करणारी बाई कामावर जाताना एका मालमोटारीतून रक्त गळताना पाहते. आत घोडे होते. तिने लढा सुरू केला. विरोधकांनी हेटाळणीने ‘रानघोडी ॲनी’ असे नाव दिले. तिने ते आपलेसे केले. शाळकरी मुलांनी काँग्रेसच्या सभासदांना पत्रांचा वर्षाव केला. १९५९ साली मोटारी व विमानांनी पाठलाग करण्यावर बंदी आली, आणि १९७१ साली रानघोड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. पण कायद्याने प्रश्न संपला नाही. घोडे वाढले, २०२० साली सरकारी अंदाजाने रानघोडे व रानगाढवे मिळून सुमारे ९५ हजार जनावरे सरकारी जमिनींवर होती, आणि त्या जमिनींना सोसतील अशी संख्या मात्र सुमारे २७ हजार धरलेली होती. म्हणून दरवर्षी हजारो घोडे पकडून कुंपणात आणले जाऊ लागले. पाळायला द्यायचे तर आधी ते माणसाळायला हवेत.

हे काम काही तुरुंगांत सुरू झाले. १९८६ साली कोलोरॅडोत आणि २००० साली नेव्हाडातील कार्सन सिटी येथे कैद्यांना रानघोडे शिकवायला दिले. चार-एक महिने एक कैदी आणि एक घोडा. गजाआडच्या माणसाने कुंपणाआडच्या जनावराला भीती सोडायला शिकवायचे. रागाने हात उचलला तर आठवड्याचे काम वाया जाते, हे तिथे कोणी उपदेश करून सांगावे लागत नाही, घोडाच सांगतो. यात करुणा आहे. पण कैद्याला मिळणारी मजुरी नगण्य असते आणि तयार घोड्याचा लिलाव होतो, हेही मी नजरेआड करणार नाही.

आता थोडे आपल्याकडे वळू. आपल्या मराठीत घोडे शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणतात. शब्द ऐकताच डोळ्यांपुढे चाबूक येतो. पण मूळ फारसीत ‘चाबुक’ याचा अर्थ चपळ, तरबेज असाही आहे. चाबूकस्वार म्हणजे तरबेज स्वार. शब्द इकडे आला आणि कौशल्य गळून हत्यार तेवढे उरले. शिवकालीन फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. सभासदाच्या बखरीत दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याची नोंद आहे. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा यांच्यावाचून स्वारी चालत नाही, हे त्या राज्यकर्त्याने कागदावर मांडले. मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. कंपनीच्या तबेल्यांत नऊशे घोडे होते. भर बाजारात, घंटांच्या आणि फेरीवाल्यांच्या गलक्यात न बुजता चालणारे नऊशे घोडे आपोआप तयार झाले नाहीत. त्यांना खरारा करणारे, दाणा चारणारे, पहाटे दोरीवर फिरवणारे मोतद्दार कोण होते, त्यांची नावे काय, हे ट्रामच्या कौतुकात येत नाही. पुतळ्यात घोडा असतो, स्वार असतो, मोतद्दार नसतो. विश्वास मात्र त्याने कमावलेला असतो.

एक धोक्याची सूचना देऊन थांबतो. अलीकडे व्यवस्थापनाच्या शिबिरांतून साहेबलोकांना गोल कुंपणात नेऊन ‘पुढारीपण’ शिकवतात, असे वाचनात आले. घोडा जसा मागे येतो तसे कामगार मागे येतील, हा त्यातला अर्थ. मला ही तुलना मान्य नाही. कामगार बोलू शकतो, संघटना करू शकतो, राजीनामा देऊ शकतो. घोड्याला यांतले काहीच करता येत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत माणसाची जबाबदारी जास्त आहे. पण तीस वर्षांच्या कामात मी एक गोष्ट पाहिली आहे, ती दोन्हीकडे लागू पडते. ज्या कारखान्यात कोणी तक्रार करत नाही तो सुखी कारखाना असतोच असे नाही. कधी कधी तिथे तक्रारीचा उपयोग नाही, एवढेच सर्वांना कळून चुकलेले असते. शांतता म्हणजे संमती नव्हे.

मग विश्वासाने शांत झालेला घोडा आणि हरून शांत झालेला घोडा यांतला फरक ओळखायचा कसा? मी वाचले आणि समजून घेतले त्यावरून तीन खुणा सांगतो. पहिली, दोरी सोडा आणि दार उघडे ठेवा. तो जवळ थांबतो का पाहा. दुसरी, त्याचे कान आणि डोळे पाहा. हरलेल्या घोड्याची नजर विझलेली असते, विश्वासलेल्या घोड्याचे कान सतत विचारत असतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तो अजून नकार देऊ शकतो का पाहा. जो घोडा अधूनमधून थांबून ‘हे कशाला?’ असे विचारतो, तोच माणसाशी बोलतो आहे. जो काहीच विचारत नाही, त्याला आपण शिकवलेले नाही. फक्त गप्प केले आहे.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. ही शांतता पहिल्या प्रकारची आहे असे धरून चालतो, आणि शंका असतील तर त्या आता जरूर विचाराव्यात, अशी विनंती करून आपली रजा घेतो.